बाही

शारजात, रोला चौकाच्या मागच्या गल्लीत
दोन मोबाइलवाल्यांच्या मध्ये माझं दुकान.
आखूड करणं, ढिलं करणं, चेन बदलणं.
नवं शिवायला फारसं कोणी येत नाही.

मार्चमध्ये श्नोरिगबाई आल्या.
मूळच्या अलेप्पोच्या आर्मेनियन, सत्तरीच्या, गुडघ्याला पट्टा.
पिशवीतून त्यांनी टॉवेल काढला,
टॉवेलातून मलमल,
मलमलीतून एक बाही.
नुसती बाही. डावी.

"अशा बाह्यांचे सोळा झगे," म्हणाल्या,
अर्ध्या अरबीत, अर्ध्या बाजारातल्या हिंदीत.
"आणि ह्या बाहीचा झगा?"
"सफरीत गेला."
मला वाटलं, विमानात सामान हरवलं असेल.
होतं असं.

मग त्यांनी स्टूल ओढलं.
पंधरा साली शिपायांनी गाव उठवलं.
पुरुष ओढ्याकाठी संपवले,
बायकापोरं वाळवंटाकडे हाकली.
वाटेत त्यांच्या पणजीनं स्वतःच्या झग्याची बाही उसवली,
एका टोकाला गाठ मारली,
गहू भरले, आणि दिली नऊ वर्षांच्या येघसापेतकडे.
पोहोचली ती येघसापेत. आणि बाही.
त्या गावाला आता नकाशावर दुसरंच नाव आहे.

नाच येघसापेत आजीनंच शिकवला त्यांना,
अलेप्पोच्या स्वयंपाकघरात, कणीक तिंबताना.
दोन पुढे, एक मागे, टाच, थांब.
हात परातीत, कोपरापर्यंत पीठ.
म्हणून पाय आले इथवर,
हात आलेच नाहीत.

आता दर शुक्रवारी चर्चमागच्या हॉलात
सोळा मुली नाचतात एसीच्या घरघरीत,
करंगळीत करंगळी अडकवून, हात खाली सोडून.
"चुकत असेल," म्हणाल्या,
"विचारायला कोणी ठेवलंच नाही."

मी चष्मा लावला.
बार्शीला बापानं मला शिवायच्या आधी
झिजलेलं कापड वाचायला शिकवलं होतं.
कोपर झिजलं तर कारकून, खांदा विरला तर हमाल.
ही बाही कोपराला धडधाकट,
मनगटाला लाल टाका अजून घट्ट.
पण बगलेत कळी, मुठीएवढी,
आणि ती पार विरलेली.
तीनदा रफू. तीन रंगांचे दोरे.

"हात वर जात होते, बाई,"
मी म्हणालो, आणि टेपच्या टोकाला धरून
त्यांचा हात वर नेला, कानाच्याही वर,
कळी जिथवर ओढ धरणार नाही तिथवर.

त्या तशाच उभ्या राहिल्या.
बाहेर कोणी मोबाइलवर रिंगटोन तपासत होतं.
मग हात न उतरवता म्हणाल्या,
"धुणं वाळत घालतानाही वर जातात.
शिपाई बंदूक रोखतो, तेव्हाही."

ह्यावर मी काय बोलणार.
हात वर गेला होता, एवढं कापड सांगतं.
कशासाठी, ते नाही सांगत.
मी शिलाई सांगितली. त्यांनी घासाघीस केली.
सोळा झगे, बत्तीस कळ्या.
प्रत्येक कळी मी बोटभर सैल कापली,
न विचारता.

एप्रिलात त्या हॉलात मी शेवटच्या रांगेत,
खिशात सुई, सेफ्टी पिना.
मुलींनी पायांनी सुरुवात केली, परातीपाशी उभ्या असल्यासारखी.
दुसऱ्या फेरीला कडेच्या त्सोविनारनं बाईंकडे पाहिलं.
बाईंनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.
आणि हात गेले वर,
सगळे एकदम नाही,
एक तर बराच उशिरा.

लोक उभे राहिले. मी बगला बघत होतो.
त्सोविनारची कळी उसवली,
माझाच टाका कच्चा.

मध्यंतरात तिला पडद्यामागे बोलावलं.
पांढरा दोरा दुकानात राहिला होता,
खिशात पिवळा निघाला.
तोच घातला.